दर वर्षी नेपाळला निघणारे व्याही

परदेशप्रवासाची तयारी आमच्या व्याहीबुवांइतकी आजवर कोणी केली नसेल, आणि तयारीच्या मानाने प्रवास त्यांच्याइतका कमीही कोणी केला नसेल. सात वर्षं ते मोटरसायकलवरून नेपाळला, मुक्तिनाथाला निघत होते. सातही वर्षं त्यांच्या बॅगा मी बांधल्या, आणि त्यातली सहा वर्षं त्या जागच्या जागी मीच सोडल्या. मी स्वतः बेळगावच्या पुढे गेलेली नाही. पण मोटरसायकलवरून हिमालयात जाताना बरोबर काय घ्यावं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय घेऊ नये, हे मला झोपेतून उठवून विचारा. मी सांगेन आणि परत झोपेन. इतकी मी त्या विषयाला कंटाळले आहे.

माझी लेक गोव्यातच, पेडण्याला दिलेली आहे. मी राहते डिचोलीला. पाळी गावाच्या बाजूला एका खाणीवरच्या स्टोअरमध्ये मी वीस वर्षं काढली. डंपरच्या टायरपासून सुई-दोऱ्यापर्यंत कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे, हे ध्यानात ठेवणं हे माझं काम. लेकीच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा व्याहीबुवांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "स्टोअर सांभाळता म्हणजे तुमका बांधाबांध बरी येत आसतली." मला वाटलं, रुखवताबद्दल बोलताहेत. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच मला कळलं की ते आपल्या बॅगांबद्दल बोलत होते. व्याही म्हणजे मुलीच्या सासरचा माणूस. त्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही. ही आपली रीत कोणी काढली कोण जाणे, पण तिच्यापायी मी सात वर्षं डिचोलीहून म्हापसा आणि म्हापशाहून पेडणे अशा बस बदलल्या.

चवथीचा गणपती पोचवून झाला, की तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन यायचा. "विहीणबाय, औंदां वचूंचेंच." यंदा जायचंच. की मी दोन साड्या पिशवीत टाकायची आणि निघायची. पेडण्याच्या घरात शिरलं की सोप्यावर पाय ठेवायला जागा नसे. मधोमध दोन साइड-बॅगा, एक टाकीवर ठेवायची बॅग, एक मागे आडवी बांधायची लांबोडकी पिशवी, आणि त्यांच्याभोवती संसार मांडल्यासारखं सामान. आतल्या खोलीत जनेलाजवळ, खिडकीशी, व्याह्यांच्या बायकोची, म्हणजे माझ्या विहीणबाईंची खाट. त्यांना अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवी बाजू लुळी आहे. त्या उशांना टेकून बसत, मांडीवर पाटी, पाटीवर सामानाची यादी, आणि डाव्या हातात पेन्सिल. मी सोप्यावरून एकेक वस्तूचं नाव घ्यायची आणि त्या खूण करायच्या. डाव्या हाताची खूण, त्यामुळे वाकडीतिकडी. पण एकही वस्तू त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

व्याहीबुवा वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. जन्मभर खांबावर चढून काम केलेल्या माणसाचा एका गोष्टीवर विश्वास बसत नाही, ती म्हणजे एकच वस्तू. क्लचची केबल दोन, अॅक्सिलरेटरची दोन, स्पार्क प्लग चार, ट्यूब तीन. "चाकं दोनच आहेत ना?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "तिसरी ट्यूब ती दुसऱ्या ट्यूबीक." कुठलीही वस्तू आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग फडक्यात, मग काळ्या चिकटपट्टीत गुंडाळायची ही त्यांची पद्धत. त्यामुळे बांधून झाल्यावर पान्हा कुठला आणि दात घासायचा ब्रश कुठला हे देवालाही ओळखता येऊ नये. मी प्रत्येकावर चिठ्ठी लावायचे. ते चिठ्ठीवरून परत पट्टी मारायचे, पावसात भिजू नये म्हणून. कागदपत्रांचंही तेच. गाडीचे कागद, लायसन, मतदानाचं कार्ड, सगळ्याच्या प्रती काढून त्यांना प्लास्टिक चढवलेलं, आणि त्या प्रती हरवल्या तर म्हणून त्यांच्याही प्रती. एके वर्षी बॅगेत प्लास्टिक चढवलेलं कोरं पोस्टकार्ड निघालं. "हे कशाला?" "घरा पत्र धाडूंक." प्लास्टिकवर लिहिणार कसं, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी ते पोस्टकार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि तरीही बॅगेत ठेवलं.

खाण्याची पिशवी हा वेगळा कारभार. उकडे तांदूळ, आमसुलं, मिठात चेपलेल्या कैऱ्या, आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी. सुंगटं एकदाच घेतली. बॅग पंधरा दिवस बांधून राहिली, तेवढ्यात गावातली सगळी मांजरं त्यांच्या सोप्यावर राहायला आली. काजूची फेणी मात्र दर वर्षी, छातीला चोळायला म्हणून. मी सांगितलं, "व्याहीबुवा, वाट चुकून बिहारात शिरलात तर तिथे दारूबंदी आहे."

"ही दारू न्हय. वखद."

"हे औषध आहे, ते तुम्ही तिथल्या पोलिसाला कुठल्या भाषेत सांगणार?"

आतून विहीणबाई म्हणाल्या, "सांगचें पडचें ना. वास घेवन तो आपणूच समजतलो."

बाटली बाहेर आली. पण एका वस्तूवरून माझी आणि त्यांची दर वर्षी जुंपायची, आणि त्यात मी कधीच जिंकले नाही. चहाचे दोन मग. पत्र्याचे, पांढरे, निळ्या काठाचे, आतून कोरे करकरीत. मी हुकाचा काटा घेऊन बॅगा उचलून उचलून वजन करत असायची. साइड-बॅगांचं वजन दोन्हीकडे सारखं हवं, नाहीतर वळणावर गाडी खेचते. तेव्हा पावशेराचाही हिशेब लागायचा. "एकटे जाणार तर मग दोन कशाला? एक काढा."

"फुटलो जाल्यार?"

"पत्र्याचा मग फुटतो?"

यावर ते चिकटपट्टीचं टोक शोधायला लागत. मी एक मग बाहेर काढून ठेवायची, आणि संध्याकाळी बघावं तर तो परत आत. दुसरं हेल्मेट मी चौथ्या वर्षी काढायला लावलं, दुसरा रेनकोट पाचव्या वर्षी. दुसरा मग तेवढा राहिला.

दुसरी वस्तू कशासाठी, हे मला कळत नव्हतं असं नाही. तीस वर्षं विहीणबाई त्याच गाडीवर त्यांच्या मागे बसून हिंडल्या होत्या. गोकर्ण, आंबोली, कोल्हापूर. नोकरी संपली की मुक्तिनाथ, असं दोघांचं ठरलेलं. आमची सोयरीक व्हायच्या आधीची ही गोष्ट, सगळं बांधून तयार होतं. निघायला आठ दिवस असताना त्या स्वयंपाकघरात पडल्या. तेव्हापासून त्यांची आंघोळ, त्यांचं खाणं, त्यांचे केस विंचरणं, सगळं व्याहीबुवा करतात. माझी लेक शाळेत शिकवते, जावई कारखान्यात पाळीवर. दिवसभर घरात ही दोघंच. लुळ्या हाताला तेल चोळतानाही ते विहीणबाईंना सांगत असतात की नेपाळात पेट्रोल कुठे मिळतं आणि कुठे मिळत नाही.

बॅगा भरल्या की सरावफेरी. सगळं सामान लादून लाटंबार्शापर्यंत जायचं आणि परत यायचं. एके वर्षी काजूच्या बागेतल्या चढावर सामानाच्या ओझ्याने गाडीचं पुढचं चाक हलकं झालं आणि व्याहीबुवा, बॅगा, नारळ, सगळं हळूच शेतात आडवं झालं. लागलं काही नाही. चार माणसं धावत आली, त्यांना उभं केलं, गाडी उभी केली, आणि मग एकाने विचारलं, "भाऊ, खंय चल्ल्यात?"

"नेपाळाक."

नेपाळची वाट इकडून कशी, ते त्या माणसाला कळेना. "मगे हांगा कित्याक आयले?"

हे त्यांनी स्वतःच घरी येऊन सांगितलं आणि विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. खरा राग त्यांना दुसऱ्याच गोष्टीचा आला होता. निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारू नये, हे लोकांना कळत नाही याचा. बॅगा लादलेला माणूस दिसला की जो तो 'खंय' विचारतो, आणि कोणी 'खंय' विचारलं की व्याहीबुवा घरी परत येतात, पाय धुतात, पाणी पितात आणि नव्याने निघतात. एका सरावफेरीला ते तीनदा निघाले होते.

आणि सगळं झालं, की शेवटी देवीचा प्रसाद, म्हणजे कौल. आमच्याकडे मोठं काही करायचं तर देवीला विचारल्याशिवाय होत नाही. भटजी गाऱ्हाणं घालतात आणि देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. व्याहीबुवा नारळ घेऊन एकटेच सकाळी देवळात जायचे, आणि तासाभराने मान खाली घालून परत यायचे. "डावी." एवढाच शब्द. विहीणबाई म्हणायच्या, "रावं. फुडल्या वर्सा." मग मी सगळ्या पट्ट्या कापायच्या, तांदूळ डब्यात ओतायचे, केबली कपाटात टांगायच्या. मुक्तिनाथाला ठेवलेल्या नारळाची सोलकढी करायची आणि दुसऱ्या दिवशी म्हापशाची बस धरायची. सहा वर्षं ती सोलकढी मी प्यायले आहे. डावी पाकळी पडली म्हणून देवीवर रागावता येत नाही, आणि व्याह्यांवरही येत नाही. उरते कंबरदुखी.

सातव्या वर्षी बॅगा बांधून झाल्यावर व्याहीबुवा चिकटपट्टी संपली म्हणून बाजारात गेले, तेव्हा विहीणबाईंनी मला आत बोलावलं. अलीकडे त्यांचं बोलणं जड झालं आहे, शब्द एकेक करून येतात. "औंदां तुमी वांगडा वचात. देवळांत." यंदा मी व्याह्यांबरोबर जायचं.

"मी जाऊन काय करू?"

"पाकळी खंयची पडता ती पळयात." कुठली पडते ती बघा.

मी गेले. त्यात मला काही विशेष वाटलं नाही. व्याहीबुवांना मात्र वाटलं असावं. देवळापर्यंतची सगळी वाट त्यांनी पहिल्या गिअरवर काढली. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या, आणि आम्ही हात जोडतो न जोडतो तोच उजवी पाकळी सरळ खाली आली. वाट बघायलाही लागली नाही. भटजींनी ती माझ्या हातावर ठेवली आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "दर वर्सा उजवीच दिता. तिणें आनीक कितें करचें? मोटरसायकल चलोवची?"

व्याहीबुवा पायऱ्यांवर बसून चपला घालत होते. दोन चपला घालायला त्यांना फार वेळ लागला. मी शेजारी उभी राहिले. उजवी पाकळी सहा वर्षं डावी झाली होती ती कुठे, हे आता मला कळलं होतं. ती झाली होती देऊळ ते घर या अर्ध्या मैलात.

"तिका सोडून वचना म्हणून सांगलें आसतें," ते चपलेकडे बघत म्हणाले, "तर तिणें म्हटलें आसतें, हांव तुमची अडचण. देवीन आडायल्यार कोण कोणाची अडचण ना." देवीनेच अडवलं म्हणजे बायकोला आपलं ओझं झालं असं वाटायला नको, असा तो हिशेब. मग म्हणाले, "विहीणबाय, डावी म्हणून सांगात."

आता माझी अडचण अशी, की मला ते येत नाही. वस्तू फळीवर असली तर आहे म्हणायचं, नसली तर नाही म्हणायचं, यावर मी वीस वर्षं नोकरी केली. त्यांच्या मागे गाडीवर बसून, मांडीवर नारळ घेऊन घरी येईपर्यंत मी 'डावी' हा शब्द मनात चार वेळा म्हणून पाहिला. दर वेळी तो दुसऱ्याचा वाटला.

विहीणबाई जनेलातून वाट बघत होत्या. त्यांनी नवऱ्याला विचारलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खंयची?"

"उजवी," मी म्हटलं.

व्याहीबुवा भिंतीकडे वळले, आणि तिथे आधीच सरळ असलेलं कॅलेंडर सरळ करू लागले.

"माका खबर आसा," विहीणबाई म्हणाल्या. "सगळीं वर्सां उजवीच. भटाच्या बायलेन सांगलां." मग दम घेऊन नवऱ्याच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "तुमी म्हज्याखातीर फट मारताले. आयकूंक बरें दिसतालें. म्हणून हांवें उलयलें ना. पूण तुमचे गुडघे पळयल्यात? पायरी देंवतना धरचें पडटा. फुडल्या वर्सा गाडी उबी करूंक जावची ना." गोड लागलेलं खोटं सहा वर्षं ऐकून घेतलेली बाई आता गुडघ्यांचा हिशेब मांडत होती. परत दम. "दोगांचें थारिल्लें आसलें. एकल्यान तरी पळोवन येवचें."

"आनी तुका कोण पळयतलें?"

त्या दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. सात वर्षांत मी काय कमावलं तर हे. मी म्हटलं, "मी राहते इथे. तुम्ही तिकडे तीन आठवडे राहा, चार राहा. बांधलेली बॅग आपल्या हाताने सोडायला लागू नये, एवढं एकदा मला बघायचं आहे."

दोन दिवस व्याहीबुवा माझ्यावर रुसले. निषेध म्हणून त्यांनी खाण्याची पिशवी सोडली, मी परत बांधली. बारीक बारीक वस्तू मी त्यांच्यादेखत काढून टाकल्या आणि त्यांनी हूं की चूं केलं नाही. तिसरी ट्यूबसुद्धा गेली. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच एक मग बॅगेतून काढला आणि विहीणबाईंच्या खाटेवर उशाशी ठेवला. विहीणबाईंनी तो डाव्या हाताने उचलून माझ्यापुढे धरला. "यादयेर आसा तो," म्हणाल्या. यादीत आहे म्हटल्यावर माझ्यापुढे प्रश्नच नव्हता. मी तो बॅगेत घातला आणि पट्टी मारली.

सकाळी सगळे दारात. मी लेकीला आणि जावयाला बजावून ठेवलं होतं की कोणी 'कुठे' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. गाडी सुरू झाली, व्याहीबुवांनी हेल्मेट चढवलं, आणि नेमका तेव्हाच पाववाला पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत आला. "भाऊ, खंय चल्लो?"

आम्ही सगळे गार. व्याहीबुवांनी गाडी बंद करायला हात नेला. तेवढ्यात जनेलातून विहीणबाईंचा आवाज आला, एकेक शब्द, पण चांगला खणखणीत. "परत येवंक चल्ले ते."

पोदेर काही न समजून चार उंडे पाव आमच्या हातावर ठेवून गेला. व्याहीबुवा मागे न बघता गेले.

ते चोवीस दिवस मी पेडण्याला होते. एका लाइनमनने बांधून ठेवलेल्या घरात राहणं सोपं नाही. पंख्याच्या बटणालाही गाठ मारलेली. दिवसातून एकदा त्यांचा फोन यायचा. त्यात ते रस्त्याबद्दल, थंडीबद्दल आणि डाळभाताबद्दल सांगायचे, आणि विहीणबाई फक्त "हां" म्हणायच्या. एका दुपारी फोनवर नुसताच वाऱ्याचा आवाज आला, आणि मग घंटेचा. मुक्तिनाथ आलं होतं. विहीणबाईंनी फोन कानाला लावूनच ठेवला, तो पलीकडून बंद होईपर्यंत.

पंचविसाव्या दिवशी ते परत आले. नाक सोललेलं, वजन उतरलेलं, गुडघ्याला पट्टी. बॅगा सोडायला अर्थातच मी. सवयीने मी नाव घेत गेले आणि विहीणबाई यादी बघत गेल्या. केबली जशाच्या तशा. प्लग जसेच्या तसे. औषधांच्या डब्याची पट्टीही सुटलेली नाही. बॅगेतल्या निम्म्याहून जास्त वस्तूंनी फुकट नेपाळ बघितलं होतं. नारळ एक फुटला होता, एक देवीला परत द्यायला आणला होता. पोस्टकार्ड कोरंच होतं.

शेवटी ते दोन मग निघाले. दोन्ही मग आतून तपकिरी. एकसारखे. तळाशी चहाची वलयं, एकावर एक, काठापर्यंत. मी ते खाटेवर ठेवले. विहीणबाईंनी एक उचलला, आत बघितलं, मग दुसरा उचलला.

"दोनूय?" त्या म्हणाल्या.

व्याहीबुवा पाठमोरे बसून एक गाठ सोडत होते. ती गाठ खरं तर सुटलेली होती. "सवंय," म्हणाले. "दोन करताना हात रावना. मागीर ओतून उडोवंक जीव जायना. दोनूय हांवच पितालों. पित्त जालां म्हाका."

मी दोन्ही मग उचलले आणि सोड्यात भिजत टाकायला निघाले. चहाचा डाग पडलेलं भांडं मी घरात ठेवत नाही, ही माझी सवय सगळ्यांना माहीत आहे. विहीणबाईंनी डाव्या हाताने माझा पदर धरला.

"घांसूं नाकात."

मी ते तसेच परत खाटेवर ठेवले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि यादीत मगांसमोर दोन खुणा केल्या. वाकड्याच, पण शेजारी शेजारी.